आधी विचारा, मग खांब रोवा

समुद्रातल्या पुलाच्या दोन खांबांमध्ये किती अंतर हवं, हे कुणी ठरवायचं? अभियंत्याने, हे उघड आहे. पण ज्याला रोज अंधारात, वाऱ्यात, भरती-ओहोटीच्या ओढीत त्या खांबांमधून होडी काढायची आहे, त्या तांडेलाला विचारल्याशिवाय ते ठरवू नये. एवढी साधी गोष्ट मुंबईत मान्य व्हायला चार वर्षं लागली.

मुंबईचा सागरी किनारा मार्ग वरळीला वांद्रे-वरळी सागरी सेतूला जाऊन मिळतो. तो जोडपूल जिथे आहे, तिथूनच वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदराच्या होड्या समुद्रात जातात. आराखड्यात खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. कोळी म्हणाले, एवढ्यात भागणार नाही. त्यांनी आधी २०० मीटर मागितले, मग १६०पर्यंत खाली आले. पालिकेने तज्ज्ञांच्या अभ्यासावर बोट ठेवून ६० मीटर पुरेत, असं सांगितलं. मार्गाचं काम ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झालं होतं. २०२१च्या अखेरीस कोळ्यांनी होड्या समुद्रात उभ्या करून पुलाचं काम थांबवलं. बैठकांवर बैठका झाल्या. डिसेंबर २०२२मध्ये एक खांब वगळायचं आणि अंतर १२० मीटर करायचं ठरलं. एप्रिल २०२४मध्ये १३६ मीटर लांबीची, सुमारे २ हजार टनांची पोलादी कमान तराफ्यावरून आणून तिथे बसवली गेली.

म्हणजे १२० मीटर शक्य होतं. आपल्या अभियंत्यांना ते जमत होतं. आराखडा कागदावर असताना त्यांच्यापुढे तो प्रश्न कुणी ठेवला नव्हता, एवढंच.

कोळ्यांची तक्रार अडवणुकीची नव्हती. ६० मीटर हे शांत पाण्यावरचं माप आहे. वारा आडवा असला की होडी सरळ जात नाही, ती सरकत सरकत जाते. उधाणाच्या भरतीत खांबांभोवतीचं पाणी वेगळं वागतं. एक होडी आत येताना दुसरी बाहेर जात असते. ऐन मध्यावर इंजिन बंद पडलं तर होडीला वाहत जायला मोकळी जागा लागते, नाहीतर ती थेट खांबावर जाते. शिवाय या किनाऱ्याला खडक आहेत, आणि कुठला खडक किती ओहोटीला वर येतो हे नकाशापेक्षा नाखव्याला जास्त ठाऊक असतं. ही सगळी माहिती तांत्रिक आहे. ती फक्त इंग्रजीत, पीडीएफमध्ये आणि कुणाच्या सहीशिक्क्यानिशी मिळत नाही, म्हणून आपण तिला माहिती मानत नाही. तिला आपण ‘स्थानिकांच्या भावना’ म्हणतो.

भावना म्हटलं की समजूत काढायची सोय होते. माहिती म्हटलं की आराखडा बदलावा लागतो.

माझा मुद्दा इथे आहे. रस्ता, पूल, मेट्रो, बसमार्ग, काहीही करायचं ठरलं की त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल बनतो. त्यात मातीची चाचणी कधी करायची, किती ठिकाणी भोकं पाडायची, वाहनांची मोजणी कुठल्या चौकात किती दिवस करायची, हे सगळं लिहिलेलं असतं. प्रत्येक कामाला पैसे असतात, माणूस असतो, मुदत असते. लोकांना विचारणं हे काम मात्र या वेळापत्रकात नसतं. ते शेवटी येतं, वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातल्या नोटिशीच्या रूपाने. जमिनीला विचारायला आपण यंत्र नेतो. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला विचारायला एक जाहिरात पुरते, ही आपल्या नियोजनातली सर्वांत मोठी चूक आहे. लोकांना कधी, कुठे, कुठल्या भाषेत, काय विचारायचं आणि त्यांच्या उत्तराचं पुढे काय करायचं, याचाही आराखडा लागतो. तो प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात तयार व्हायला हवा आणि त्याला वेगळी तरतूद हवी.

आता कायद्याकडे वळू.

पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी घ्यायची रीत २००६च्या अधिसूचनेत सांगितली आहे. ३० दिवस आधी नोटीस द्यायची, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्यायची. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला, अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. लोक जे बोलले त्याचा गोषवारा तिथल्या तिथे, स्थानिक भाषेत, सर्वांना वाचून दाखवायचा. हे शेवटचं कलम मला फार मोलाचं वाटतं. आपण बोललेलं सरकारी कागदावर बरोबर उतरलं की नाही, हे माणसाला त्याच जागी, त्याच दिवशी ऐकायला मिळतं. सुनावणीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे कलम पाठ करावं आणि वाचन झाल्याशिवाय खुर्ची सोडू नये.

पण त्याच अधिसूचनेत असंही लिहिलं आहे की सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी पार पडली असं धरलं जातं. पर्यावरण परिणाम अहवालाचा मात्र नियम स्थानिक भाषेत मागतो तो फक्त सारांश. अख्खा अहवाल, जिथे खरी मापं आणि खऱ्या गृहीतकांची जागा आहे, तो इंग्रजीतच राहतो. आणि ज्या रस्त्याच्या रुंदीकरणाला नवी जमीन घ्यावी लागत नाही, त्याला या सुनावणीतून सूटच आहे. म्हणजे गावातून जाणारा दुपदरी रस्ता हद्दीतल्या हद्दीत चौपदरी झाला, शाळा एका बाजूला आणि घरं दुसऱ्या बाजूला राहिली, तरी मुलांनी पलीकडे कसं जायचं हे विचारायला अधिसूचना कुणाला बोलावत नाही. जमीन कुणाची गेली नाही ना, मग प्रश्नच मिटला.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६चा आहे. भूसंपादनाच्या अधिसूचनेनंतर २१ दिवसांत हरकत घेता येते, आणि ती घेऊ शकतो तो फक्त त्या जमिनीत हितसंबंध असलेला माणूस. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला तिथे जागा आहे. त्याच शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईला, तिठ्यावर चहाची टपरी असणाऱ्याला, रोज एसटी पकडायला रस्ता ओलांडणाऱ्या विद्यार्थिनीला नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यमापन आणलं खरं, पण महामार्ग कायद्याखालच्या संपादनाला त्यातून वगळलं. मोबदल्याचे नियम लागू केले, विचारण्याचे नाही. पैसे देऊ, प्रश्न विचारू नका, असा त्याचा अर्थ होतो.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. २०२४मध्ये भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या आणि कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकरी रस्त्यावर उतरले. ऑक्टोबर २०२४मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना मागे घ्यावी लागली. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पासाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली आणि आंदोलन पुन्हा पेटलं. शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न मोबदल्याचा नव्हताच. रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना हा दुसरा कशाला, असा तो होता. या प्रश्नाला कदाचित चांगलं उत्तर असेलही. पण तो विचारायची जागा कुठे आहे? भूसंपादनाची हरकत नोंदवायला गेलेल्या माणसाला गट क्रमांक विचारतात. रस्ता हवा की नको हा प्रश्न गट क्रमांकात मावत नाही. मग तो बांधावर, चौकात आणि निवडणुकीच्या सभेत विचारला जातो, आणि तिथे त्याला उत्तर मिळत नाही, घोषणा मिळते.

भाषेचं म्हणाल तर २०२०चा अनुभव ताजा ठेवायला हवा. केंद्राने पर्यावरण परिणाम मूल्यमापनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात जनतेला म्हणणं मांडायला दिलेले ३० दिवस २०वर आणायचं सुचवलं होतं. लोकसहभाग कमी करणाऱ्या मसुद्यावरच लोकांनी मत द्यायचं होतं, तेही टाळेबंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतरित करायला सांगितलं. मराठी त्यातली एक. ज्या नियमांवर कोकणातल्या, विदर्भातल्या गावांचं भवितव्य ठरणार, ते नियम मराठीत मिळवायला दिल्लीत कुणाला तरी याचिका करावी लागते. मुंबईत मंत्रालय आहे, तिथे मराठी राजभाषा आहे, आणि तरी प्रकल्प अहवाल मराठीत मागितला की मागणाऱ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं जातं. हे थांबलं पाहिजे.

आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहितीचा अधिकार २००५चा आहे. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना आणि निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची. बाधित माणसाला निर्णयाची कारणं द्यायची. माहिती पोहोचवताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात खरोखर पोहोचेल अशा मार्गाचा विचार करायचा. अर्ज न करता, दहा रुपयांचा स्टँप न लावता. कुठल्या रस्त्याच्या, कुठल्या उड्डाणपुलाच्या बाबतीत हे पाळलं जातं? संकेतस्थळावर निविदा सापडतात. हा पूल इथेच का, दुसरे कुठले पर्याय तपासले, ते का नाकारले, याचं एक पान सापडत नाही.

लोकांना विचारलं की काय मिळतं, याचा भरभक्कम पुरावा मुंबईकडेच आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये पालिकेने विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. हरकती-सूचना आल्या त्या ६० हजारांहून अधिक. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा काढून पाहिला, आणि उभ्या इमारती, प्रार्थनास्थळं, वारसा वास्तू नकाशात चुकीच्या दाखवल्या आहेत हे दाखवून दिलं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६मध्ये आला, अंतिम मंजुरी २०१८मध्ये. तीन वर्षं गेली, ती लोकांच्या हरकतींमुळे गेली असं म्हणणारे आहेत. मी म्हणतो, ती चुकीच्या नकाशामुळे गेली. गल्लीत राहणाऱ्या माणसाला नकाशा छापण्याआधी दाखवला असता तर त्याने तीच चूक फुकट आणि आठवड्याभरात सांगितली असती.

त्यानंतरची एक गोष्ट आणखी गंभीर आहे. मार्च २०२२मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाचा कारभार राहिला. याच काळात हजारो कोटींच्या रस्त्यांची, पुलांची, बोगद्यांची कामं मंजूर झाली. खड्ड्याची तक्रार घेऊन जायला ज्याच्या दाराशी जावं असा नगरसेवकच नव्हता. प्रभाग समित्या राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने दिल्या आहेत. त्याखाली मतदारांच्या क्षेत्रसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. आपल्या भागाची क्षेत्रसभा भरल्याचं कुठल्या वाचकाला आठवतं का? आठवत असेल तर मला जरूर कळवा.

इथे दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं, कारण लोकसहभाग म्हटलं की सगळं गोड होतं असं मुळीच नाही. पुण्याने डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली प्रायोगिक बीआरटी, म्हणजे बसला वेगळी मार्गिका देणारी जलद सेवा, सुरू केली. अर्धवट थांबे, धड न झालेले पदपथ, बसपर्यंत जायला सुरक्षित वाट नाही, अशा अवस्थेत ती लोकांपुढे आली आणि बदनाम झाली. नगर रस्त्यावरची बीआरटी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, आणि २०२३पासून ती टप्प्याटप्प्याने उखडली गेली. कोंडी होते, अशी ओरड होती. ओरड खरी होती, कोंडीही खरी होती. पण ओरडत कोण होतं? मोटारीत बसलेला माणूस. त्याच्याकडे वेळ आहे, फोन आहे, आमदारापर्यंत पोहोचण्याची वाट आहे. वेगळ्या मार्गिकेतून बस सुटली की ज्यांची कामावरची वेळ साधायची, त्या बसमधल्या माणसांना मार्गिका काढताना कुठल्या थांब्यावर जाऊन विचारलं?

मोठा आवाज म्हणजे लोकमत नव्हे. म्हणूनच विचारण्याचं नियोजन करावं लागतं. सभा ठेवली आणि जो आला त्याचं ऐकलं, एवढ्याने भागत नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सभा ठेवली की कोण येणार हे आधीच ठरून जातं. निवृत्त माणूस येतो, दुकानदार संघटनेचा पदाधिकारी येतो, कार्यकर्ता येतो. धुणीभांडी करणारी बाई येत नाही, तिचा रोज बुडतो. शाळेतली मुलं येत नाहीत, त्यांना कुणी बोलावतच नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस येत नाही, कारण लिफ्ट बंद असते. यांना सभेला बोलवायचं नसतं, यांच्याकडे जायचं असतं. बसथांब्यावर, भाजीबाजारात, शाळेच्या फाटकाशी, संध्याकाळी सात वाजता वस्तीत. प्रत्येक रस्त्याचा आराखडा करण्याआधी त्या रस्त्यावरून चालणाऱ्या बायकांबरोबर अंधार पडल्यावर एकदा तो रस्ता चालून पाहावा. दिवा कुठे हवा आणि पदपथ कुठे संपतो, हे अर्ध्या तासात कळतं.

विचारून झाल्यावर हात झटकणंही तितकंच वाईट. पुण्यात सायकल आराखडा करताना प्रभागांत चर्चा झाल्या, लोकांनी मतं दिली, वेळ दिला. डिसेंबर २०१७मध्ये सर्वसाधारण सभेने तो मंजूर केला. त्या आराखड्यातलं जाळं आज पुण्यात शोधून दाखवा. लोकांनी एकदा वेळ दिला, तो वाया गेला, की दुसऱ्यांदा ते येत नाहीत. मग अधिकारी म्हणतात, लोकांना रस नाही. लोकांना रस होता हो. तुम्ही तो आटवलात.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासकाने १९६९मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्या म्हणजे सहभाग नव्हेच, ती हाताळणी. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत घालणं येतं. त्यावर लोक बोलतात, पण निर्णय त्यांच्या हाती नसतो. खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून सुरू होते. आपली वर्तमानपत्रातली नोटीस कुठे बसते ते वाचकांनी ठरवावं. माझ्या मते ती तिसऱ्या पायरीवर एक पाय टेकवून उभी आहे.

अर्नस्टीन हे लिहीत होत्या त्याच सुमारास तिथली शहरं महामार्गांविरुद्ध पेटली होती. बॉस्टनमध्ये शहराच्या मध्यातून द्रुतगती मार्ग न्यायचा ठरला होता, आणि नैऋत्येकडच्या मार्गासाठी घरं पाडून जमीनही मोकळी केली होती. १९७०मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी, जे स्वतः पूर्वी राज्याच्या बांधकाम खात्याचे प्रमुख होते, या कामांना स्थगिती दिली. मग सगळ्या वाहतूक योजनेचा उघड फेरविचार सुरू झाला. त्यात वस्त्यांचे प्रतिनिधी बसले, नगरपालिका बसल्या, अभियंतेही बसले. मार्ग इकडून न्यायचा की तिकडून, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. काहीच न बांधणं हाही पर्याय टेबलावर होता. १९७२मध्ये नैऋत्येचा द्रुतगती मार्ग रद्द झाला. पाडापाडी झालेल्या त्याच पट्ट्यातून पुढे रेल्वे गेली, ती १९८७मध्ये सुरू झाली, आणि बाजूने लांबलचक उद्यान झालं. महामार्गासाठी ठेवलेला केंद्राचा पैसा शहरांना सार्वजनिक वाहतुकीकडे वळवता यावा, अशी सोय १९७३च्या कायद्याने केली. त्याआधीच, १९६९मध्ये, केंद्राच्या पैशातून होणाऱ्या महामार्गांना दोन सुनावण्या सक्तीच्या झाल्या होत्या. एक मार्ग कुठून न्यायचा यासाठी, दुसरी आरेखन कसं करायचं यासाठी.

या दोन सुनावण्यांवर मी अडून बसणार आहे. आपल्याकडे एकच होते, तीही सगळं ठरल्यावर. पहिली सुनावणी रेषा आखण्याआधी हवी: गरज काय, पर्याय कोणते, काही न करण्याची किंमत काय. दुसरी रेषा ठरल्यावर हवी: खांब कुठे, भुयारी वाट कुठे, थांबा कुठे, पाण्याचा निचरा कुठून. दोन्हींच्या नोटिशीत एक वाक्य ठळक छापलेलं असावं: कोणत्या गोष्टी अजून बदलता येतील आणि कोणत्या येणार नाहीत. जे ठरून गेलंय ते ठरलं आहे म्हणून सांगा. लोक ते ऐकून घेतात. ठरलेलं असताना विचारल्याचा देखावा केला की लोक कायमचे तुटतात. आणि प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर हवं. मान्य असेल तर आराखड्यात कुठे दिसते, अमान्य असेल तर कारण काय. हजारो सूचना आल्या तर त्यांचे गट पाडा, गटवार उत्तर द्या, पण द्या. पोचपावती हे उत्तर नव्हे.

असं विचारत बसलो तर रस्ते कधी होणार, हा ठरलेला आक्षेप आहे. त्याचं उत्तर सागरी किनारा मार्गाने देऊन ठेवलंय. काम चालू असताना, जुलै २०१९मध्ये, उच्च न्यायालयाने त्याची किनारा नियमन क्षेत्राची परवानगी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा काम पुन्हा मार्गी लागलं. मधले महिने गेले. मग खांबांचा वाद, त्यात आणखी वर्ष गेलं. मार्गाचा पहिला भाग मार्च २०२४मध्ये खुला झाला, तेव्हा सागरी सेतूशी जोडणीच तयार नव्हती. ती सप्टेंबरात अंशतः सुरू झाली. सगळा उशीर कोळ्यांमुळे झाला असं कुणी म्हणणार नाही. पण खांबांच्या अंतरावर वरळी गावात काम सुरू होण्याआधी सहा महिने खर्च केले असते, तर ते महिने भरून निघाले असते, हे मी पैजेवर सांगतो.

त्या कोळीवाड्यातल्या बायकांचा उल्लेख या सगळ्या वादात फारसा झाला नाही. या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर उतरून कालवं, खुबे काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या. त्यांच्याकडे नोंदणीकृत होडी नसते, परवाना नसतो, त्यामुळे कुठल्याच यादीत नाव नसतं. भराव घातला की ते खडक गाडले जातात आणि त्याबरोबर एक अख्खा रोजगार. सहभागाचा आराखडा करणाऱ्याने पहिली यादी काढायची ती ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत त्यांची.

आता हाच मार्ग उत्तरेकडे निघाला आहे. वर्सोवा ते दहिसर या टप्प्याची कंत्राटं दिली गेली आहेत. वाटेत मालाडची खाडी आहे, तिवरांचं जंगल आहे, वेसावे, चारकोप, गोराई, मनोरीसारख्या ठिकाणी मासेमारी करणारी गावं आहेत. खाडीवरच्या पुलांचे खांब अजून पाण्यात उतरलेले नसतील, तिथे विचारायला आजही वेळ आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ६१ दिवस होड्या किनाऱ्यावर आणि तांडेल घरी असतात. पालिकेच्या पूल विभागाने ते दोन महिने राखून ठेवावेत. प्रत्येक कोळीवाड्यात नकाशा मराठीत, भिंतीएवढा मोठा लावावा. खांबांच्या जागा त्यावर पेन्सिलने काढाव्यात आणि शेजारी खोडरबर ठेवावं. ज्याच्या सहीने त्या जागा बदलू शकतात तो अभियंता स्वतः तिथे बसावा. जनसंपर्क अधिकाऱ्याला पाठवू नये. आणि पहिला प्रश्न त्याने विचारावा: भरतीला इथून होडी किती अंतर सरकते?